घरच्या मसाल्याची पारख

स्वयंपाकात मसाल्याचे प्रमाण अल्प असते. चार माणसांच्या आमटीत हळद पाव चमचा, मिरचीपूड अर्धा चमचा आणि हिंग चिमूटभर पडतो. यामुळे धान्य निवडताना जो चोखंदळपणा घरोघर दाखविला जातो, तो मसाला विकत घेताना बहुधा दिसून येत नाही. गव्हात खडे निघाले तर गृहिणी दुकानदारास जाब विचारते. मिरचीपुडीत विटेची भुकटी आली तर मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण पूड झालेल्या वस्तूचे मूळ रूप लोपलेले असते. परंतु मसाला प्रमाणाने थोडा असला, तरी तो दिवसातून दोन वेळा, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस पोटात जातो. लहान मुलांच्या बाबतीत तर या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. त्यांचे शरीर व मेंदू वाढीच्या अवस्थेत असल्यामुळे अपायकारक द्रव्याचा अल्प अंशही त्यांना अधिक बाधतो.

प्राथमिक शिक्षकाचा या विषयाशी तिहेरी संबंध येतो. शाळेतील पोषण आहार त्याच्या देखरेखीखाली शिजतो व वाढला जातो. परिसर अभ्यास व सामान्य विज्ञान यांच्या पाठांना मसाल्याच्या डब्याइतके सुलभ साहित्य दुसरे सापडणे कठीण. शिवाय खेड्यापाड्यांतील अनेक घरांत आरोग्यविषयक नवी माहिती मुलांच्या तोंडूनच पोहोचते. या तिन्ही दृष्टींनी उपयुक्त ठरेल असे विवेचन येथे केले आहे.

उत्तम मसाला म्हणजे काय?

मसाल्याचे मोल त्याच्या अंगच्या द्रव्यांवर ठरते. हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसीनमुळे व लाली निराळ्या रंगद्रव्यांमुळे येते. म्हणूनच अतिशय लाल मिरची अतिशय तिखट असतेच असे नाही. मिऱ्याची तिखट चव पायपरीन देते, तर लवंगेचा वास युजेनॉल या तेलकट द्रव्याचा असतो. धने, जिरे, वेलदोडे यांचा सुगंध त्यांच्यातील उडून जाणाऱ्या तेलांवर अवलंबून असतो. ही तेले दाण्याच्या आत कोंडलेली असतात तोवर टिकतात. दाणा कुटला की ती वाऱ्यावर जाऊ लागतात. उष्णता, उजेड व दमट हवा यांनी हा ऱ्हास अधिक वेगाने होतो.

यावरून खरेदीचा पहिला नियम निघतो : शक्य तेवढा मसाला अख्खा घ्यावा, थोडा थोडा कुटावा आणि लवकर वापरावा. अख्ख्या वस्तूचा आकार, रंग, वास व कोरडेपणा डोळ्यांनी व हातांनी पारखता येतो. पुडीत ही सोय राहत नाही. अख्खा माल निर्दोष असतोच असे मात्र समजू नये. त्यातही फसवणूक होते, तथापि ती ओळखणे पुष्कळसे सोपे असते.

अख्ख्या मसाल्याची निवड

हळद : हळदीच्या गड्ड्याला फुटलेली बोटासारखी कांडे ती हळकुंडे. शेतातून काढल्यावर ती शिजवितात, उन्हात वाळवितात व पिंपात फिरवून त्यांची साल घासतात. चांगले हळकुंड टणक व जड असते, मोडताना खट्कन आवाज येतो आणि आतील भाग गर्द नारिंगी-पिवळा दिसतो. वाकणारे हळकुंड ओलसर समजावे. बारीक भोके असलेले किडीने पोखरलेले असते. महाराष्ट्रात सांगलीची बाजारपेठ हळदीसाठी प्रसिद्ध असून सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथून जवळच असलेल्या हरिपूर येथे जमिनीखालील पेवांत हळद साठविण्याची जुनी पद्धत होती. २००५ च्या महापुरात त्यांतील अनेक पेवे निकामी झाली. पेवाच्या मुळाशी असलेले तत्त्व मात्र आजही खरे आहे : हवा व ओल यांपासून दूर राहिलेली हळद दीर्घकाळ टिकते.

हळकुंडाचा वरचा रंग नैसर्गिकपणे काहीसा मंद असतो. वरून झगझगीत पिवळे दिसणारे आणि हाताळताच बोटांवर पुष्कळ रंग सोडणारे हळकुंड संशयास्पद मानावे. याचे कारण पुढे दिले आहे.

मिरची : कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातील ब्याडगीची मिरची सुरकुतलेली, गर्द लाल व कमी तिखट असते. तिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. संकेश्वरी मिरची लांब, लवंगी मिरची लहान व जहाल. घरोघरी यांपैकी दोन-तीन जाती मिसळून रंग व तिखटपणा यांचा मेळ घालतात. ही रीत शास्त्रास धरून आहे. खरेदी करताना देठ शाबूत असलेली मिरची पसंत करावी. मूठभर मिरच्या हलविल्यास आतील बी खुळखुळले पाहिजे. चामड्यासारखी लवचीक मिरची ओलसर असते. वजन वाढावे म्हणून तिच्यावर पाणी मारलेले असण्याचा संभव असतो. पांढुरक्या डागांची, म्हणजे फटकी मिरची स्वस्त मिळते, परंतु ती घेऊ नये. एखादी मिरची मोडून आत काळसर वा हिरवट बुरशी नाही ना, हेही पाहावे. बुरशीच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करतात. ते यकृतास घातक असून धुण्याने जात नाही व घरगुती शिजविण्याने पुरते नष्ट होत नाही.

धने व जिरे : धन्याचा दाणा अखंड, फिकट पिवळसर वा किंचित हिरवट व दोन बोटांत चुरडताच वास देणारा असावा. जिऱ्यात कधी कधी गवताचे बी कोळशाच्या भुकटीने रंगवून मिसळतात. जिरे तळहातावर घेऊन चोळावे. तळहात काळा झाल्यास ते टाकून द्यावे.

मोहरी : पिवळा धोतरा या काटेरी तणाचे बी मोहरीसारखे दिसते. मोहरीचा दाणा वरून गुळगुळीत असून दाबल्यास आत पिवळा निघतो. धोतऱ्याचे बी अधिक काळे व खडबडीत असून आत पांढरे असते. हा फरक क्षुल्लक नाही. १९९८ साली दिल्लीत धोतऱ्याच्या तेलाची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलामुळे अंगावर सूज येण्याच्या रोगाची साथ पसरली व साठांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. शेतात तण वेळीच उपटणे हाही या रोगावरचा एक उपाय होय.

मिरी, लवंग, दालचिनी व वेलदोडे : मिरी जड, कठीण व सुरकुतलेली असावी. तीत पपईचे बी मिसळलेले आढळते. ते लंबगोल व हलके असून त्यास मिऱ्याची चव नसते. लवंगेला चार पाकळ्यांचे टोक व त्यावर गोल डोके शाबूत हवे. नखाने दाबल्यास तेलाचा ओलावा दिसावा. तेल काढून घेतलेली लवंग आक्रसलेली व हलकी असते. दालचिनीच्या नावाखाली दोन साली विकल्या जातात. खरी दालचिनी श्रीलंकेकडील असून तिच्या नळीत कागदासारखे पातळ पदर एकात एक गुंडाळलेले असतात. दुसरी जाड, कडक व एकपदरी असते. ती निराळ्या झाडाची साल आहे. आपल्याकडील स्वयंपाकात हीच अधिक वापरली जाते व बेताच्या प्रमाणात तिचा उपद्रव नाही. परंतु तिच्यात कुमारिन हे द्रव्य अधिक असल्यामुळे औषध म्हणून रोज चमचा-चमचा फाकणे इष्ट नव्हे. वेलदोडा हिरवा व भरलेला असावा, आतील दाणे काळे व किंचित चिकट असावेत.

हिंग : हिंग हा एका झाडाच्या मुळातून पाझरणारा चीक आहे. तो मुख्यत्वे अफगाणिस्तान, इराण व उझबेकिस्तान या देशांतून येतो. भारतात हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात ऑक्टोबर २०२० मध्ये त्याची पद्धतशीर लागवड प्रथम सुरू करण्यात आली. निव्वळ हिंग अत्यंत उग्र असल्यामुळे दुकानात मिळणारा हिंग बहुधा बांधणीचा असतो, म्हणजे त्यात गव्हाचे वा तांदळाचे पीठ व डिंक मिसळलेला असतो. वेष्टनावर तसे छापलेले असल्यास ती भेसळ नव्हे. मात्र ज्यांना गहू वर्ज्य आहे अशांनी वेष्टन वाचूनच हिंग घ्यावा.

दगडफूल : गोड्या मसाल्याचा आत्मा समजले जाणारे दगडफूल हे फूल नव्हे. शैवाल व बुरशी यांच्या सहजीवनातून ते खडकांवर व झाडांच्या सालींवर वाढते. वर्गात सहजीवनाचा पाठ शिकविताना घरच्या डब्यातील दगडफुलाचा तुकडा दाखवावा. घेताना त्यात माती, वाळू व सालीचे तुकडे कमीत कमी असतील असे पाहावे.

भेसळीचे प्रकार व त्यांचे परिणाम

भेसळीचे ढोबळ मानाने तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात वजन वाढविणारे पदार्थ येतात : भुसा, कोंडा, पीठ, विटेची भुकटी, शंखजिरे. यांनी प्रामुख्याने पैशाची हानी होते, तरी विटेची भुकटी व शंखजिरे हे खाद्य पदार्थ नव्हेतच. दुसऱ्या वर्गात सत्त्व काढून घेतलेला माल येतो. तेल काढलेली लवंग किंवा वेलदोडा अपायकारक नसला तरी निरुपयोगी असतो.

तिसरा वर्ग मात्र भयावह आहे. तो रंगाचा. कळाहीन माल ताजा व उत्तम दिसावा म्हणून त्यास रंग देतात. हळदीत मेटॅनिल यलो व मिरचीपुडीत सुदान जातीचे रंग आढळले आहेत. हे रंग कापड, चामडे, मेण अशा वस्तूंसाठी आहेत, अन्नासाठी नव्हेत. २००३ मध्ये युरोपात भारतातून गेलेल्या मिरचीच्या मालात सुदान रंग सापडला व त्यानंतर तेथे कडक तपासणी सुरू झाली.

या सर्वांहून घातक म्हणजे लेड क्रोमेट. हे शिशाचे पिवळेधमक संयुग रंगकामात वापरतात. हळकुंडाला तजेला आणण्यासाठी त्याचा लेप दिला गेल्याचे उघडकीस आलेले आहे. शिसे मुलांच्या मेंदूस इजा करते. आकलनशक्ती मंदावते, लक्ष एकाग्र होत नाही, रक्तक्षय होतो, आणि मेंदूची ही हानी पुन्हा भरून येत नाही. शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक आहे असे म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. ज्या मुलाला शिक्षक ‘मंद’ किंवा ‘चंचल’ समजतो, त्याच्या मंदपणास अनेक कारणे असू शकतात. ताटातील विष हे त्यांपैकी एक असू नये, एवढी खबरदारी तरी मोठ्या माणसांच्या हाती आहे.

ही खबरदारी घेतल्यास काय साधते, याचे उदाहरण शेजारच्या बांगलादेशात घडले. तेथे बाजारातील हळदीचे नमुने तपासले असता २०१९ मध्ये ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळले. संशोधकांनी ही गोष्ट शासनापुढे मांडली. बाजारात तपासणी झाली, दोषी व्यापाऱ्यांस दंड झाला, गावोगाव सूचनापत्रके लागली. २०२१ मध्ये पुन्हा नमुने घेतले तेव्हा शिसे आढळलेल्या नमुन्यांचे प्रमाण शून्यावर आले होते. भेसळ ही अटळ आपत्ती नसून माणसांनी मनावर घेतल्यास थांबविता येणारी गोष्ट आहे, हे यावरून सिद्ध होते.

वर्गात करता येण्याजोग्या परीक्षा

पुढील परीक्षांना पाणी, काचेचे पेले व थोडी चिकाटी याखेरीज फारसे साहित्य लागत नाही. एक पथ्य मात्र अवश्य पाळावे. प्रत्येक परीक्षेत दोन पेले ठेवावेत. एकात बाजारची पूड व दुसऱ्यात मुलांसमक्ष खलबत्त्यात कुटलेली पूड टाकावी. निव्वळ धन्याच्या पुडीचेही काही कण पाण्यावर तरंगतात आणि निव्वळ हळदीनेही पाणी पिवळसर होते. तुलनेचा पेला शेजारी नसेल तर मुले शुद्ध मालासही अशुद्ध ठरवितील. तुलनेवाचून निष्कर्ष काढू नये, ही विज्ञानाची पहिली शिकवण या पेल्यातून आपोआप मिळते.

१. मिरचीपूड : पेलाभर पाण्यावर चमचाभर पूड हलकेच पसरावी, ढवळू नये. पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग असल्यास रंगाच्या रेषा खाली उतरताना दिसतात. नंतर तळाशी बसलेला गाळ बोटांनी चोळावा. खरखरीत लागल्यास विटेची भुकटी वा वाळू, साबणासारखा बुळबुळीत व पांढरा असल्यास शंखजिरे असण्याचा संभव असतो.

२. हळदपूड : त्याच रीतीने पाण्यात टाकावी. निव्वळ हळद तळाशी बसताना पाण्यास फिकट पिवळा रंग देते. पाणी गडद पिवळे झाल्यास कृत्रिम रंगाचा संशय घ्यावा.

३. धनेपूड : भुसा व कोंडा पाण्यावर तरंगतात. तरंगणाऱ्या थराची दोन्ही पेल्यांत तुलना करावी.

४. मिरी : मूठभर मिरी पाण्यात टाकावी. भरलेली मिरी बुडते, पपईचे बी तरंगते. पोचट मिरीही तरंगते, म्हणून वर आलेले दाणे काढून भिंगातून पाहावेत.

५. हिंग : खलून पाण्यात मिसळल्यास चांगल्या हिंगाने पाणी दुधाळ होते. शंखजिरे वा माती असल्यास ती तळाशी साचते.

६. पिठाची परीक्षा : मिरचीपूड पाण्यात कालवून तीत आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. पिठाची भेसळ असल्यास निळसर-काळा रंग येतो. हळद, सुंठ व मिरी यांच्यात पिष्ट पदार्थ मूळचाच असल्यामुळे त्यांना ही परीक्षा लागू पडत नाही.

हळदीवर चुन्याची निवळी किंवा साबणाचे पाणी टाकले की लाल रंग येतो, हे मुलांना घरच्या अनुभवाने ठाऊक असते. आम्ल व अल्कली शिकविण्यास हा प्रयोग फार चांगला. त्यावरून पुडीत हळद आहे एवढेच कळते, हळदीखेरीज दुसरे काही नाही हे कळत नाही. या दोन विधानांतील भेद वरच्या वर्गातील मुलांना आवर्जून समजावून द्यावा. मेटॅनिल यलो ओळखण्यासाठी तीव्र आम्ल लागते. ती परीक्षा प्रयोगशाळेतील जाणत्यांनीच करावी, प्राथमिक शाळेत करू नये. परीक्षेस घेतलेली पूड कोणी चाखू नये, आणि नंतर ती स्वयंपाकात न वापरता टाकून द्यावी.

या परीक्षांची मर्यादाही शिक्षकाने ओळखली पाहिजे. लेड क्रोमेट पाण्यात विरघळत नाही. सुदान रंग तेलात विरघळतात, पाण्यात नव्हे. कीटकनाशकांचे अंश व बुरशीचे विष डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पेल्यातील परीक्षेत माल नापास झाला तर संशयास जागा आहे असे समजावे. पास झाला तर उघड भेसळ आढळली नाही एवढेच म्हणावे. याहून अधिक बोलण्याचा अधिकार प्रयोगशाळेचा आहे.

बांधीव माल व त्यावरील मजकूर

अन्नभेसळ प्रतिबंधाचा कायदा प्रथम १९५४ साली झाला. त्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली व त्याखालील नियम २०११ पासून लागू झाले. या नियमांनुसार कुटलेले मसाले वेष्टनाखेरीज विकण्यास मनाई आहे. तरीही आठवडे बाजारात गोणपाटावर मांडलेले लाल-पिवळे ढीग दिसतात. ते कितीही मोहक दिसले, तरी धूळ, ऊन व भेसळ या तिन्हींना मोकळे असतात.

वेष्टनावर पुढील गोष्टी पाहाव्यात : उत्पादकाचे नाव व पत्ता, चौदा अंकी परवाना वा नोंदणी क्रमांक, घटकांची यादी, निव्वळ वजन, तुकडीचा क्रमांक, बांधणीची तारीख व वापराची मुदत. मिश्र मसाल्याच्या घटकांची यादी उतरत्या प्रमाणाने छापलेली असते. तीत मीठ किंवा पीठ आरंभीच आले असेल, तर आपण मसाल्याच्या भावाने मीठ घेत आहोत हे ओळखावे. अ‍ॅगमार्कचे चिन्ह १९३७ च्या कायद्यानुसार प्रतवारी केलेल्या मालावर असते. ते असल्यास अधिक बरे. बचतगटांच्या भगिनी तयार करतात तो मसाला पुष्कळदा ताजा व चविष्ट असतो. त्यांच्याकडूनही नोंदणी क्रमांक व तारीख यांचा आग्रह धरावा, म्हणजे त्यांच्याच मालाची पत वाढेल.

वेष्टन हे संपूर्ण अभयपत्र नव्हे, हेही ध्यानात असावे. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग व सिंगापूर येथे काही भारतीय बांधीव मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड या जंतुनाशक वायूचे अंश आढळल्यामुळे त्यांची विक्री थांबविण्यात आली होती. मात्र वेष्टनावर नाव, पत्ता व तुकडीचा क्रमांक असल्यामुळे असा माल परत घेता येतो. सुट्या पुडीचा कर्ता कोण, हे शोधूनही सापडत नाही.

घरचा मसाला

चैत्र-वैशाखात नवी मिरची व नवी हळद बाजारात येते, ऊन कडक असते आणि पुढे पावसाळा असतो. वर्षाचा मसाला याच दिवसांत करण्याची आपल्याकडील रीत अनुभवातून आलेली आहे. पुणे-सातारा भागाचा गोडा मसाला धने, खोबरे, तीळ, दगडफूल, तमालपत्र, नागकेशर इत्यादींचा. कोल्हापूरचा कांदा-लसूण मसाला मिरचीच्या जोरावर. मालवणीत धने, बडीशेप व मिरची यांचा मेळ. मराठवाड्याचे येसर भाजलेल्या धान्य-डाळींनी दाट झालेले. प्रत्येक घराचे प्रमाण निराळे असले, तरी काही तत्त्वे सर्वांस लागू आहेत.

प्रत्येक जिन्नस निवडून, उन्हात खडखडीत वाळवून, वेगवेगळा भाजावा. धने, जिरे व लवंग यांचे आकार भिन्न असल्यामुळे एकत्र भाजल्यास एक कच्चा राहतो व दुसरा करपतो. आच मंद ठेवावी. वास सुटला की उतरावे, कारण अधिक भाजणे म्हणजे सुगंध हवेत घालविणे होय. पूर्ण निवाल्यावरच कुटावे, नाहीतर वाफेने पूड ओलसर होते. कांडपयंत्रावर नेल्यास आधीच्या गिऱ्हाइकाची पूड यंत्रातून झाडून घ्यावी व आपला माल समक्ष कुटून घ्यावा. खोबरे व तीळ घातलेला मसाला तेलकट असल्यामुळे लवकर खवट होतो, म्हणून तो थोडा करावा. मिरचीपूड व हळदपूड त्यामानाने अधिक टिकतात.

पूड कोरड्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या वा चिनी मातीच्या बरणीत, उजेड व चूल यांपासून दूर ठेवावी. रोजच्या वापरापुरती मिसळणाच्या डब्यात काढून घ्यावी. उकळत्या पातेल्यावर बरणी धरून मसाला ओतू नये, वाफेने उरलेली पूड बिघडते. चमचा कोरडा असावा.

रोजच्या मजुरीवर चालणाऱ्या घरास वर्षाचा मसाला एकदम भरणे परवडत नाही. अशी घरे पाच-दहा रुपयांची पुडी आणतात, व तीच पुष्कळदा सर्वांत निकृष्ट असते. अशा पालकांना उपदेश करून भागणार नाही. दोन मार्ग सुचविता येतात. एक, चार-पाच घरांनी मिळून किलोभर धने, मिरची व हळकुंडे घेऊन वाटून घेणे. दुसरा, जमेल तेवढे छटाक-अर्धपाव धने-जिरे अख्खेच आणून पाट्यावर ताजे वाटणे. ताज्या मसाल्यास वास अधिक असल्याने तो कमी लागतो व खर्चही फारसा वाढत नाही.

शाळेचे स्वयंपाकघर व शिक्षकाचे धोरण

शाळेतील आहारासाठी मसाला पुरवठादाराकडून येवो वा गावच्या दुकानातून, तो बंद वेष्टनातच स्वीकारावा. मुदत, तुकडीचा क्रमांक व परवाना क्रमांक साठावहीत लिहून ठेवावा. वेष्टन फोडल्यावर वरील साध्या परीक्षा कराव्यात व रिकामे वेष्टन माल संपेपर्यंत जपावे. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकासह मोठ्या माणसांनी अन्न चाखून पाहावे, असा दंडक आहे. तो केवळ सहीपुरता राहू नये. स्वयंपाक करणाऱ्या भगिनींचा अनुभव मोठा असतो. हळद नेहमीसारखी नाही, असे त्यांनी म्हटल्यास ते हसण्यावारी न नेता तो माल बाजूस ठेवावा.

वर्गातील प्रयोगाच्या वेळी एक नाजूक प्रश्न उभा राहतो. गावात दुकाने दोन-तीनच असतात आणि दुकानदाराचे मूल त्याच वर्गात बसलेले असते. म्हणून नमुन्यांवर दुकानाचे नाव न घालता क, ख, ग अशी अक्षरे घालावीत. कोणता नमुना कोठला, याची वर्गात वाच्यता करू नये. दुकानदारालाही पुष्कळदा माल तसाच आलेला असतो. त्यास बाजूला बोलावून शांतपणे सांगितल्यास तो घाऊक व्यापाऱ्याकडे तक्रार करू शकतो, आणि गावाचे काम कलहावाचून होते.

संशय बळावल्यास मार्ग कायद्याने दिलेला आहे. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. शिवाय २००६ च्या कायद्याच्या कलम ४० अन्वये सामान्य ग्राहकासही, खरेदीच्या वेळी विक्रेत्यास तशी कल्पना देऊन व शुल्क भरून, अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो. माल दोषी ठरल्यास ते शुल्क परत मिळते. ग्रामशिक्षण व पालक यांच्या सभेत ही तरतूद वाचून दाखवावी, कारण अनेकांना ती माहीत नसते.

सारांश, अख्खे घ्यावे, कोरडे पाहावे, वास घ्यावा, झगमगीत रंगास भुलू नये, वेष्टन वाचावे, थोडे कुटावे व झाकून ठेवावे. ही सात कामे दहा वर्षांच्या मुलीस वा मुलास सहज करता येतात. ज्या मुलाने शाळेत दोन पेले शेजारी ठेवून हळद पारखली, ते उद्या आईबरोबर बाजारात गेल्यावर पिवळ्याधमक ढिगापुढे क्षणभर थबकेल आणि अख्खी हळकुंडे मागेल. तेवढे झाले तरी या पाठाचे सार्थक झाले असे समजावे.